पंख्याची घरघर आणि तिची किंमत



आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "काय हो, बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे सारे सोडून तुम्ही लॅपटॉपच्या पंख्यावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी अभियंता नाही. शाळा अर्ध्यावर सुटलेला मी माणूस; जे काही शिकलो ते पुस्तके मागून वाचून आणि कारागिरांना प्रश्न विचारून. पण कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय लागलेली असते. यंत्र वेगळा आवाज करू लागले की तो आधी कान देतो. इचलकरंजीचा किंवा मालेगावचा मुरलेला जॉबर यंत्रमागाचा ठोका ऐकून कोठे बिघडले ते सांगतो. तोच कान आपण आज एका लहान यंत्राला लावून पाहू.

हे लहान यंत्र आता आपल्या घराघरांत आले आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि मुलांच्या अभ्यासासाठी अनेक कुटुंबांनी पोटाला चिमटा काढून स्वस्तातला लॅपटॉप घेतला. सेवा केंद्रात सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले काढून देणारा तरुण त्याच्यावरच पोट भरतो. हिशेबनीस, टंकलेखक, वकिलांचे कारकून या सर्वांचा तो जोडीदार झाला आहे. आणि या सर्वांची एक समान तक्रार आहे. काही विशेष काम नसताना पंखा एकाएकी घोंगावू लागतो, क्षणभराने थांबतो, पुन्हा घोंगावतो. आणि उन्हाळ्यात तर यंत्र गाढवासारखे अडून बसते. ही तक्रार क्षुल्लक नाही. तिच्या मुळाशी पैशाचा प्रश्न आहे, आणि शेवटी न्यायाचाही आहे. म्हणून हा विषय मी निवडला.

प्रथम पंखा मुळात कशासाठी, ते पाहू. प्रोसेसरला जेवढी वीज आपण देतो, ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. आकडेमोड होते, अक्षरे पडद्यावर उमटतात; परंतु विजेच्या हिशेबाने पाहिले तर तो प्रोसेसर म्हणजे एक छोटी शेगडीच. साधारण लॅपटॉपमध्ये ही शेगडी १५ वॅटची असते. आपल्या घरी पूर्वी देवापाशी 'झिरोचा दिवा' लावीत, तोही नावाला झिरो असला तरी जवळपास तेवढीच वीज खाई. पण दिव्याला काचेचा मोठा गोळा होता, मोकळी हवा होती. येथे तेवढीच उष्णता बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघते, आणि तो तुकडा बंद पेटीत कोंडलेला असतो. उष्णता काढून नेली नाही तर काही सेकंदांत तो शंभर अंशांवर जाईल.

काढून नेण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची चपटी नळी बसविलेली असते. ती पोकळ असते. आतली हवा काढून घेऊन थोडेसे पाणी ठेवलेले असते. तापलेल्या टोकाला त्या पाण्याची वाफ होते, ती वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून दिव्याच्या वातीतल्या तेलाप्रमाणे परत तापलेल्या टोकाकडे ओढले जाते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरते, तोच हा खेळ. अमेरिकेत रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ साली या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला होता. पुढे १९६३ साली लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. तेव्हा अंतराळयानांसाठी जिचा विचार झाला, ती नळी आज आपल्या मुलाच्या दप्तरात आहे.

नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्यातून हवा फुंकण्याचे काम पंख्याचे. हा पंखा छतावरच्या पंख्यासारखा नसतो. तो लोहाराच्या हातभात्याच्या जातीचा: मधून हवा ओढायची आणि कडेने एका तोंडातून बाहेर लोटायची. नळी हमाल आहे; उष्णता उंबरठ्याबाहेर टाकण्याचे काम या भात्याचे.

आता आवाजाकडे वळू. पंख्याचा एक नियम आहे. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट जाते. पण त्यासाठी ताकद आठपट लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. दहा डेसिबलची वाढ आपल्या कानाला जवळजवळ दुप्पट आवाजासारखी वाटते, हे ध्यानात घ्या. दुसरा नियम आकाराचा. पंखा सर्व बाजूंनी पाचव्या हिश्शाने लहान केला, तर तेवढीच हवा लोटण्यासाठी त्याला जवळजवळ दुप्पट वेगाने फिरावे लागते. लहानपणामुळे आवाज थोडा घटतो, पण वेगामुळे त्याहून पुष्कळ वाढतो. म्हणजे कारखानदाराने यंत्र पातळ आणि हलके करण्यासाठी पंख्यात जी काटकसर केली, ती आपल्या कानावर वसूल होते.

आवाज किती, याबरोबर तो कोणत्या जातीचा हेही महत्त्वाचे असते. समजा, पंख्याला ३० पाती आहेत आणि तो मिनिटाला ४,८०० फेरे घेतो. सेकंदाला ८० फेरे झाले; प्रत्येक फेऱ्यात ३० पाती त्याच कडेजवळून गेली; म्हणजे सेकंदाला २,४०० वेळा हवेला धक्का बसला. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. पंख्याची शिट्टी नेमकी त्या पट्ट्यात येऊन बसते. छतावरचा मोठा पंखा अधिक हवा ढवळूनही आपल्याला झोप लागू देतो आणि हा तळहातावर मावणारा पंखा डोके उठवितो, त्याचे एक कारण हे. यावर उपाय नाही असे नाही. २०१२ साली ॲपल कंपनीने आपल्या महाग लॅपटॉपमध्ये पाती मुद्दाम असमान अंतरावर बसविली. त्यामुळे आवाज एका सुरात एकवटत नाही, अनेक सुरांत विखुरतो आणि कानाला कमी टोचतो. पण असा विचार करायला डोके आणि वेळ लागतो, आणि स्वस्त यंत्रात त्याच दोन गोष्टींवर कात्री चालते.

पंखा मध्येच सुटतो आणि मध्येच थांबतो, हे का होते? यंत्रात एक छोटा नियंत्रक असतो. तो तापमान वाचतो आणि एका तक्त्याप्रमाणे पंख्याला हुकूम देतो: इतके अंश झाले की इतका वेग. आता समजा, ५५ अंशांना पंखा सुरू करायचा आणि ५५ च्या खाली बंद करायचा असा तक्ता आहे. पंखा सुरू झाला, तापमान ५४ झाले, पंखा बंद. बंद होताच पुन्हा ५५, पुन्हा सुरू. हा लपंडाव दिवसभर चालतो. म्हणून शहाणा कारागीर मध्ये अंतर ठेवतो: सुरू ५५ वर, पण बंद ४८ वर. आपल्या फ्रिजची मोटर अशाच अंतरामुळे दर मिनिटाला चालू-बंद होत नाही. शिवाय आजचे प्रोसेसर काम आले की क्षणभर दुप्पट-तिप्पट वीज ओढतात आणि लगेच शांत होतात. एखादे पान उघडले तरी तापमान सेकंदभरात पंधरा-वीस अंशांनी उडी घेऊ शकते. तांबे भरपूर असेल तर ते ही उडी पोटात घालते, जसा जाड बुडाचा तवा आचेची लहर पोटात घालतो. तांबे कमी असेल तर पंखा प्रत्येक उडीला दचकतो. आणि एकसारखी घरघर मन विसरून जाते, पण वरखाली होणारा आवाज विसरू देत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तक्ता नीट बसविण्याला एक ग्रॅमही धातू लागत नाही. लागतात काही दिवसांचे कसोशीचे प्रयोग. अनेक स्वस्त यंत्रांत तेही केलेले नसतात.

येथे कोणी म्हणेल, मग पंखाच नको. बिनपंख्याची यंत्रेही बाजारात आहेत. इंटेलने २०२३ साली आणलेला एन १०० हा स्वस्त प्रोसेसर घोषित हिशेबाने ६ वॅटचा आहे. एवढी उष्णता धातूच्या पत्र्यातून पंख्याशिवायही जाऊ शकते. आणि मनापासून केले तर हे काम किती चांगले होते, याचेही उदाहरण आहे. २००७ च्या सुमारास 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेने गरीब देशांतील मुलांसाठी एक हिरवा-पांढरा लॅपटॉप काढला. आपल्या रायगड जिल्ह्यातील एका वाडीवरच्या शाळेतही तो आला होता. त्यात पंखा नव्हता, फिरणारी तबकडीही नव्हती. त्यांनी प्रोसेसरच असा निवडला होता की त्याला वीज अगदी थोडी लागे. उष्णता मुळातच कमी, मग फुंकणी कशाला? शंभर डॉलरचा त्यांचा संकल्प पुरा झाला नाही, किंमत जवळजवळ दुप्पट झाली. पण पंखा काढण्याचा हा प्रामाणिक मार्ग होता.

अप्रामाणिक मार्गही आहे. शेगडी तीच ठेवायची, पंखा काढायचा आणि "निःशब्द" असे वेष्टनावर छापायचे. अशा यंत्रात तापमान चढले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवितो. जळून जाऊ नये म्हणून ही सोय प्रत्येक प्रोसेसरमध्ये असते. मर्यादा साधारण १०० ते १०५ अंशांची असते, आणि यंत्राचा पत्रा हाताला चटका देऊ नये म्हणून पुष्कळ कारखानदार त्याच्या बरेच आधीच लगाम खेचतात. आवाज होत नाही, तक्रारही ऐकू येत नाही. काम मात्र निम्म्यावर येते. बंधुभगिनींनो, ज्या खात्यातून तक्रार येत नाही ते खाते सुखी आहे असे समजणारे मालक मी पाहिले आहेत. पंखा नसलेले सारेच यंत्र वाईट असे मी म्हणत नाही. शांतता दिसली की तिची किंमत कोठे भरली गेली ते विचारावे, एवढेच म्हणतो.

आता आपल्या हवेचा प्रश्न, कारण आपण हे बोलतो आहोत ते ऐन उन्हाळ्यात. या मंडपात पंखे फिरत आहेत आणि आपल्याला गार वाटते आहे. पंखा हवा गार करीत नाही. तो आपला घाम सुकवितो आणि घाम सुकताना आपण गार होतो. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याचा पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. तो फक्त यंत्र आणि हवा यांच्यातला फरक कमी करतो. हिशेब सोपा आहे. समजा, दर वॅटमागे यंत्र हवेपेक्षा तीन अंश वर चढते. १५ वॅटला फरक झाला ४५ अंश. स्टॉकहोममध्ये खोली २० अंशांची असेल तर प्रोसेसर ६५ वर राहील. तेच यंत्र मे महिन्यात अकोल्याला ४२ अंशांच्या खोलीत ८७ वर जाईल. काम वाढून २५ वॅट झाले आणि ते काही वेळ टिकले, तर तेथे ९५ वर कसेबसे निभेल. येथे हिशेब ११७ वर जातो, म्हणजे निभणारच नाही, प्रोसेसर लगाम खेचील. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे. विदर्भ-खानदेशात पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेच्या दुपारी ३५ अंश कोठून आणायचे? यंत्र विकताना मात्र हे कोणी सांगत नाही.

याचा परिणाम माणसावर कसा होतो, ते सांगतो. एका खासगी कचेरीत मुली माहिती भरण्याचे काम करीत. दिवसाला अमुक इतक्या नोंदी झाल्याच पाहिजेत, असा दंडक होता. मे महिन्यात नोंदी घटल्या आणि चार मुलींना कामचुकारपणाची नोटीस मिळाली. त्या आमच्याकडे आल्या. आम्ही एकच प्रश्न विचारला: सकाळी दहाला नोंदी किती होतात आणि दुपारी तीनला किती? सकाळचा आकडा नेहमीसारखा होता. घट होती ती दुपारची. वरच्या मजल्यावरची खोली, खिडक्या बंद, आणि टेबलांवर शोभेसाठी जाड लोकरी कापड अंथरलेले. लॅपटॉपच्या पोटाखालच्या हवेच्या खिडक्या त्या कापडाने बुजल्या होत्या. यंत्रे उघडली तर जाळीवर धुळीचा आणि तंतूंचा नमदा बसलेला. कापड काढले, जाळ्या साफ केल्या, खोलीत हवा खेळती केली; नोंदी पूर्ववत झाल्या आणि नोटिसा मागे घेतल्या गेल्या. त्या मुली तीन आठवडे सांगत होत्या की यंत्र ओरडते आहे आणि अडते आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही आणि यंत्राचेही कोणी ऐकले नाही.

या प्रकरणातून मला एक गोष्ट उमगली. प्रोसेसरला कारखान्यातच एक हक्क मिळालेला आहे: इतके अंश झाले की मी वेग कमी करणार. त्याला अर्ज करावा लागत नाही, मुकादमाची परवानगी लागत नाही. माणसाला तो हक्क इतक्या सहजी मिळाला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १३ व्या कलमात हवा खेळती ठेवण्याची आणि तापमान सुसह्य राखण्याची तरतूद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. पण कायद्यातले तापमान आणि पत्र्याखालचे तापमान यांच्यात नेहमीच अंतर राहिले. ज्या खोलीत यंत्र तापून मंदावते, त्याच खोलीत माणूसही बसलेला असतो. यंत्राच्या पोटातला तापमापक आपल्याला फुकट साक्ष देतो आहे. ती साक्ष नोंदवून ठेवा, असे मी कामावरच्या मंडळींना सांगतो. पंखा किती वाजता ओरडू लागला, काम किती वाजता मंदावले, हे वहीत टिपा. नोटीस आली तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.

आता घरच्या उपायांबद्दल थोडे. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर, मांडीवरच्या शालीवर ठेवू नका. लाकडी पाटावर ठेवा आणि मागच्या बाजूला दोन बोटे उंची द्या. वर्षातून एकदा, शक्यतो होळीच्या सुमारास, पंखा आणि जाळी साफ करवून घ्या. वाऱ्याचा झोत मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरायला सांगा. मोकळा पंखा झोताने भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग जाते. तीन-चार वर्षांनी प्रोसेसर आणि नळी यांच्यामधले मलम वाळते. ते पुसून नवे लावले तर तापमानात कित्येकदा मोठा फरक पडतो. घरघरीबरोबर खरखर येऊ लागली तर बेअरिंग झिजले असे समजा. अशा वेळी पंखा बदलावा, नवे यंत्र घेण्याची गरज नाही. आणि एक करू नका: आवाज नको म्हणून पंख्याचा वेग कोंडू नका. निरोप्याचे तोंड बांधल्याने निरोप बदलत नाही.

पण घरच्या उपायांवर थांबणे म्हणजे सारा बोजा पुन्हा ग्राहकाच्याच खांद्यावर टाकणे. खरेदीच्या वेळी दोन प्रश्न मोठ्याने विचारले पाहिजेत. पहिला: पूर्ण कामावर असताना याचा आवाज किती? तो मोजण्याची रीत ठरलेली आहे. आयएसओ ७७७९ हे त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. मग तो आकडा दुकानातल्या वेष्टनावर का नसावा? दुसरा: ४० अंशांच्या खोलीत हे यंत्र तासभर पूर्ण वेगाने चालेल काय? आणि याला जोडून, पंखा सहज निघतो काय व सुटा मिळतो काय? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना त्याच्या दुरुस्तीच्या सोयीला दहापैकी किती गुण, हे ग्राहकाला दाखविण्याचा नियम लागू झाला. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. ती सुरुवात आहे. पुढचा रेटा आपण द्यावयाचा आहे. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला दुकानदार हसेल. पण शाळा, पतपेढ्या, नगरपालिका, सेवा केंद्रचालकांच्या संघटना या शेकड्यांनी यंत्रे घेतात. त्यांनी निविदेत ही अट घातली की वेष्टनावरची अक्षरे बदलतील. एकट्याने मागितले तर ती विनंती, अनेकांनी मिळून मागितले तर ती अट, हे आम्ही कामगारांनी फार पूर्वी शिकून घेतले आहे.

स्वस्त वस्तू गरिबाला मिळावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो लॅपटॉप नसता तर त्या घरातले मूल दोन वर्षे अभ्यासाला मुकले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की स्वस्तपणात जे वाचविले गेले, ते कोठून वाचविले ते उघड सांगा. दहा-वीस रुपयांचे तांबे आणि काही दिवसांची मेहनत वाचवून जो आवाज आणि जो मंदपणा आपल्या पदरी घातला जातो, त्याची किंमत कोणी तरी भरतोच. ती भरतो पत्र्याखाली बसलेला सेवा केंद्राचा तरुण, ती भरते नोटीस हातात घेऊन उभी असलेली मुलगी. तेव्हा आज रात्री घरी यंत्र घोंगावू लागले तर त्याला शिव्या देण्यापूर्वी क्षणभर ऐका. त्या पेटीत तांबे किती कमी घातले आहे, हवेची वाट कोठे बुजली आहे आणि तुमची खोली किती तापली आहे, या तिन्ही गोष्टी तो पंखा तुम्हाला सांगत असतो.